तंबाखूचा रोग आणि औषधाचे वाहन

निपाणी भागातील मराठी घरांना तंबाखूविषयी एकाच बाजूने बोलता येत नाही. तिच्या पैशावर आमच्याकडची लग्ने झाली, मुले शिकली. तिच्या वाजवी भावासाठी १९८१ साली येथला शेतकरी रस्त्यावर बसला आणि त्याने गोळ्याही झेलल्या. त्याच तंबाखूने तोंडाच्या कर्करोगाच्या रूपाने आमचे थोरले काका नेले.

काकांच्या आजारपणात एक प्रश्न घरात वारंवार निघे. रुग्णालयातील औषधे केस घालवितात, अन्नावरची वासना उडवितात. त्यापेक्षा झाडपाल्याचे काही का घेऊ नये? कोणी पुडी आणून देई, आणि काका त्या आशेवर पुढची तारीख चुकवीत. वनस्पतींच्या प्रथिनांतून औषध पोहोचविण्याच्या संशोधनाविषयी अलीकडे वाचताना तो प्रश्न आम्हांस पुन्हा आठवला.

तंबाखूची पाने चितकबरी करून टाकणारा रोग शेतकऱ्याला ठाऊक असतो. त्याचा विषाणू हा शास्त्राने ओळखलेला पहिला विषाणू. तो जिवाणूंहून निराळा असल्याचे १८९८ साली डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी सांगितले. १९३५ साली अमेरिकेत स्टॅन्ली यांनी त्याचे स्फटिक मिळविले. हा विषाणू म्हणजे एक पोकळ काठीच. लांबी ३०० नॅनोमीटर, जाडी १८. आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सुमारे २१३० एकसारखे प्रथिनकण गोल जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे रचले जाऊन ही काठी बनते. तिच्या पोकळीत औषध बसविता येते.

हा खटाटोप कशासाठी? कर्करोगावरचे औषध शिरेतून दिले की ते शरीरभर पसरते; गाठीबरोबर केसांची मुळे आणि रक्त घडविणारी मज्जाही त्यात होरपळते. ते सूक्ष्म कणांत बंद करून गाठीपर्यंत न्यावे, म्हणजे नासधूस कमी होईल, ही अपेक्षा. तंबाखूच्या विषाणूत प्लॅटिनमयुक्त औषध भरून उंदरांवर केलेला असा प्रयोग २०१६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला.

मक्यातील झेईन या प्रथिनाची रीत आणखी साधी. ते पाणीमिश्रित मद्यार्कात विरघळते, नुसत्या पाण्यात नाही. म्हणून त्याचे द्रावण पाण्यात सोडताच बारीक कण बनतात आणि सोबतचे औषध आत अडकते. पाण्यात न विरघळणारे हळदीतील कुरकुमिन प्रयोगशाळांतून असे बांधून पाहिले गेले आहे.

परंतु वाचकांनी एक भेद ध्यानी ठेवावा. येथे वनस्पती हे वाहन आहे, औषध नव्हे. बैलगाडी बदलल्याने पोत्यातील माल बदलत नाही. शिवाय परके प्रथिन दिसताच शरीर त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते, ही अडचण आहेच. कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारांत ही दोन्ही वाहने अद्याप आलेली नाहीत.

तेव्हा ‘वनस्पतीपासून बनविलेले’ एवढ्या शब्दांवर कोणी निर्धास्त होऊ नये. तंबाखूही वनस्पतीच आहे, हे आम्हा निपाणीकरांना दुसऱ्याने सांगावयास नको. ज्या घरी आज असा रुग्ण असेल, त्या घराने या संशोधनाकडे आशेने जरूर पाहावे. मात्र उद्याच्या गाडीची वाट पाहत आजची तारीख चुकवू नये.