बांध कोरणारा ट्रॅक्टर

आज पिकाचं नाही, पोराच्या गेमच्या डब्याचं लिहितोय. पण येतो शेवटी शेतातच.

२०२४ च्या दिवाळीत पोरानं टीव्हीला जोडायचा कन्सोल घेतला. चाळीस हजार रुपये. पैसे त्याचेच, मळणी यंत्रावर दोन हंगाम राबून साठवलेले. सोयाबीनचा हमीभाव तेव्हा ४,८९२ होता, पण आम्हाला बाजारात मिळाले चार हजारांच्या आसपास. म्हणजे दहा क्विंटलचा ऐवज झाला की!

खेळतो काय, तर शेतीच. फार्मिंग सिम्युलेटर म्हणून स्वित्झर्लंडच्या कंपनीचा गेम आहे, त्यात सोयाबीनसुद्धा पेरता येतं. चौदाव्या महिन्यात त्यातला ट्रॅक्टर आपोआप डावीकडं ओढायला लागला. हात लावला नाही तरी चालला शेजाऱ्याचा बांध कोरायला! घरात हसू झालं, पण पोरगं गप्प. वॉरंटी एकाच वर्षाची. दुकानदार म्हणाला, दुरुस्ती होत नाही, हातातला कंट्रोलर नवाच घ्या, सहा हजार.

पोरानं तो खोलला. आत जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटनासारखीच रचना. कार्बनची पट्टी आणि तिच्यावर घासणारी पत्र्याची जीभ. घासून घासून पट्टी झिजते, त्यात धूळ बसते, की काठी सरळ असूनही वाकडी आहे असं यंत्राला वाटतं. आमच्या काळ्या रानाची धूळ तर तुम्हाला ठाऊकच आहे.

राग झीज झाली याचा नाही. न घासणारा सेन्सर असतो, चुंबकावर चालणारा. हॉल नावाच्या शास्त्रज्ञानं १८७९ साली शोधलेलं तत्त्व. सेगाच्या ड्रीमकास्टमध्ये तो १९९८ सालीच होता. विजेच्या स्कूटीच्या मुठीतही तोच असतो. मग चाळीस हजारांच्या वस्तूत घासणारी पट्टी कशाला? आमच्या तेरच्या संग्रहालयात मातीच्या मूर्ती दोन हजार वर्षं टिकल्यात. असो.

आता कामाचं. जमिनीचा ओलावा मोजायचे सेन्सर घेताना हेच विचारा. स्वस्तातल्या रेझिस्टिव्ह सेन्सरचे दोन उघडे दांडे ओल्या मातीत गंजतात आणि आकडे भरकटतात. कॅपॅसिटिव्ह सेन्सरची पट्टी लेप दिलेली असते, धातू मातीला लागत नाही. मात्र वरचा सर्किटचा भाग पाण्यापासून झाका आणि आपल्या मातीत एकदा कोरडं-ओलं करून आकडा जुळवून घ्या. विक्रेत्याला वॉरंटी किती हंगामांची, तेही विचारा, महिन्यांची नको.

पोरानं चुंबकाच्या काठ्या मागवल्यात. डाक लावायचं काम गावातला रेडिओ-टीव्हीवाला करून देतो म्हणालाय.