निळ्या कार्डाची मागची बाजू

कॅलिफोर्नियात मुलाचं नाव शाळेत घालताना लसींची नोंद एका निळ्या कार्डावर करत. पुढच्या बाजूला पोलिओ, त्रिगुणी, गोवर-गालगुंड-रुबेला (एमएमआर), हिपॅटायटिस बी, कांजिण्या असे रकाने आणि त्यांत तारखा. मागच्या बाजूला थोडासा मजकूर छापलेला: लसीकरण माझ्या विश्वासाविरुद्ध आहे. त्याखाली आईची किंवा वडिलांची सही. बस्. डॉक्टरचं पत्र नको, कारण नको. ग्रीनकार्ड हाती आल्यावर मी सांता क्लारा काउंटीतल्या एका प्राथमिक शाळेच्या ऑफिसात नोकरी धरली. पहिल्याच ऑगस्टमध्ये लक्षात आलं, की कार्डाची पुढची बाजू भरायला लोकांना हेलपाटे घालावे लागतात आणि मागची बाजू काउंटरवरचं पेन उचलून उभ्या उभ्या भरता येते.

हेलपाटे घालणारे बरेचसे आपलेच. पुणे, नाशिक, हैदराबाद, चेन्नईहून नुकतेच आलेले. मुलाची फाइल अगदी व्यवस्थित: बालरोगतज्ज्ञाचा शिक्का, प्रत्येक डोसासमोर कुपीवरचं स्टिकर, काहींनी तर प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेली. तरी अडायचं. सगळ्यात आधी तारखांपाशी. एका मुलाचा जन्म जून २००९चा. एमएमआर दिलेली पंधराव्या महिन्यात, कार्डावर लिहिलेलं ३/९/२०१०. आपण वाचणार तीन सप्टेंबर. माझी सहकारी वाचणार नऊ मार्च, म्हणजे मूल नऊ महिन्यांचं. पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला गोवराचा डोस कॅलिफोर्नियात धरत नाहीत, त्यामुळे तो खोडला जाणार. आपल्याकडे नवव्या महिन्यातच गोवराची लस देतात, कारण आपल्याकडे मूल लहान असतानाच गोवर गाठतो. इथले नियम सांगतात, की तेवढ्या लहान बाळाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिकारशक्ती उरलेली असू शकते आणि ती लसीला नीट लागू होऊ देत नाही. दोन्हीकडचं बरोबरच. पण कागद एकाच देशाचे नियम पाळतो.

त्या मुलाचे वडील आधी इंग्रजीत भांडत होते. माझ्या नावाची पाटी वाचून एकदम मराठीत आले. "ताई, तुम्हीच सांगा. लस हडपसरला बनलेली, कोथरूडला दिलेली, आणि इथे येऊन ती रद्द?"

"रद्द नाही हो. तारीख उलटी वाचलीय. मी नीट करते."

ती मी नीट केली. स्टिकरवर ट्रेसिव्हॅक लिहिलं होतं, ती सीरम इन्स्टिट्यूटची एमएमआर, हेही मीच सहकारिणीला सांगितलं. तिला ते नाव म्हणजे एखादं खोकल्याचं औषध वाटलं होतं. पुढे ऑफिसात ठरूनच गेलं, की भारतातली फाइल आली की माझ्याकडे सरकवायची. कांजिण्यांचं प्रकरण आणखी निराळं. आपल्या सरकारी कार्यक्रमात ही लस नाही, त्यामुळे पुष्कळ मुलांना दिलेलीच नसे. सोबत आलेली आजी ठामपणे सांगायची, "येऊन गेल्यात की त्याला! कडुनिंबाच्या पाल्यावर निजवला होता." आजींची साक्ष चालत नसे. डॉक्टरनं लिहून द्यायचं, नाहीतर लस घ्यायची.

अशा एखाद्या बापाला मी पुढच्या आठवड्याची वेळ देत असताना शेजारच्या खिडकीवर दुसरी एखादी आई उभी असे. घर बदलताना मुलाची कागदपत्रं हरवलेली, जुन्या डॉक्टरांचा दवाखाना फोन उचलत नाही, सोमवारी शाळा सुरू. ती विचारायची, लवकरात लवकर काय करता येईल? आणि खिडकीतून कुणीतरी हळूच कार्ड उलटं करून द्यायचं. त्या बाईचा कसलाही विश्वास नव्हता, लसीविरुद्ध तर नाहीच. मुलाला बहुधा सगळे डोस मिळालेलेही असत. राज्याच्या हिशेबात मात्र ते मूल 'वैयक्तिक श्रद्धेमुळे सूट' या रकान्यात जाऊन बसायचं. या रकान्यातले सगळे पालक लसविरोधक, असं पुढे वर्तमानपत्रांतून वाचलं की मला त्या बायका आठवत.

खरे विरोधक होतेच. आमची शाळा डोंगराच्या पायथ्याशी. सांताक्रूझच्या बाजूच्या वळणावळणाच्या रस्त्यांवर राहणारी कुटुंबं आमच्याकडे येत. शिकलेली, सवरलेली, घरी कोंबड्या पाळणारी. एमएमआर लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा अँड्र्यू वेकफिल्डचा १९९८चा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१०मध्ये मागे घेतला हेही त्यांना ठाऊक असे आणि तरीही त्यांचं मन मानत नसे. त्यांच्याशी वाद घालणं माझं काम नव्हतं आणि मी घातलाही नाही. निदान त्यांनी विचार करून सही केलेली असे. त्याच २०१० साली कॅलिफोर्नियात डांग्या खोकल्याचे नऊ हजारांहून अधिक रुग्ण सापडले आणि दहा तान्ही बाळं दगावली. पुढच्या वर्षी सातवीत जाणाऱ्यांना त्या लसीचा बूस्टर सक्तीचा झाला. आमच्या कार्डाची मागची बाजू तशीच राहिली.

तिला पहिला धक्का लागला २०१४च्या जानेवारीत. आता सही करण्याआधी डॉक्टर किंवा नर्सकडून फायदे-तोटे समजून घेतल्याचा दाखला आणायचा होता. शहाणा कायदा होता तो. नाही म्हणायचं तर म्हणा, पण हो म्हणणाऱ्याइतकी पायपीट करा. मात्र गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी सही करतानाच धार्मिक कारणासाठी वेगळी सोय ठेवायला सांगितलं होतं. त्यामुळे नव्या फॉर्मवर एक चौकोन आला: माझा धर्म मला डॉक्टरकडे जाऊ देत नाही. त्यावर खूण केली की दाखला लागत नसे. हा चौकोन भरणारी एक आई मला ऑफिसातून निघताना म्हणाली, की मुलाची दातांच्या डॉक्टरकडे वेळ आहे, उशीर होतोय. मी फॉर्मवर शिक्का मारला. धर्म तपासण्याचा अधिकार शाळेच्या कारकुनाला नाही, आणि नसावाच.

त्या वर्षी आमच्याकडे पहिलीत एक मुलगा होता, त्याला ल्युकेमिया. किमोथेरपी चालू असताना जिवंत विषाणूंची लस देत नाहीत. गोवराची आणि कांजिण्यांची दोन्ही त्याच प्रकारच्या. त्याच्या फाइलीत हॉस्पिटलचं पत्र होतं, सूट कशासाठी आणि कधीपर्यंत हे लिहिलेलं. माझ्या सगळ्या फाइलींत सूट या प्रकाराचा मूळ हेतू शाबूत असलेला तेवढाच एक कागद. त्याची आई सकाळी त्याला सोडून ऑफिसात यायची. एकदा तिने विचारलं, "याच्या वर्गात लस न घेतलेले किती?"

यादी माझ्या ड्रॉवरमध्येच होती. सूट घेतलेल्या मुलांची यादी आम्हाला हाताशी ठेवावीच लागते. गोवराचा संपर्क आला तर त्यांना एकवीस दिवसांपर्यंत घरी बसवायचं असतं. पण कुणाच्या आरोग्याची माहिती दुसऱ्या पालकाला द्यायची नाही, हा कायदाच आहे. मी म्हटलं, "पूर्ण शाळेचा आकडा राज्याच्या वेबसाइटवर मिळेल. वर्गाचा मला सांगता येणार नाही."

"बरं. त्याच्या टेबलावर बसणाऱ्यांचं?"

तेही सांगता येणार नव्हतं. तिच्या मुलाचं नाव आणि ज्यांच्यापासून त्याला धोका त्या मुलांची नावं एकाच कागदावर होती, आणि तो कागद ज्याच्यासाठी करायचा त्याच्याच आईपासून लपवायचा होता. तिने नंतर शिक्षिकेशी काय ठरवलं ते मी विचारलं नाही.

डिसेंबरात डिस्नेलँडमध्ये गोवर फुटला. माणूस खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहणारा हा विषाणू, आणि नाताळची गर्दी. कॅलिफोर्नियात १३१ रुग्ण झाले. जानेवारीत आमच्या फोनची घंटा थांबत नव्हती. गंमत म्हणजे, मागच्या बाजूला सही केलेल्या पालकांतले काही त्याच महिन्यात मुलांना घेऊन दवाखान्यात गेले आणि पुढची बाजू भरून घेऊन आले. कुणाशी चर्चा नाही, काही नाही.

मग सॅक्रामेंटोचे सिनेटर रिचर्ड पॅन, स्वतः बालरोगतज्ज्ञ, यांनी बेन अॅलन यांच्यासोबत एसबी २७७ हे विधेयक आणलं: श्रद्धेची सूटच बंद. विधानभवनाबाहेर लाल कपड्यांतले पालक जमत. आमच्या शाळेतल्याही काही आया गेल्या होत्या. ३० जून २०१५ला ब्राउन यांनी सही केली. मिसिसिपी आणि वेस्ट व्हर्जिनियानंतर असा नियम करणारं हे तिसरं राज्य. आधी दिलेल्या सह्या लगेच बाद झाल्या नाहीत. मूल पुढच्या टप्प्यावर, म्हणजे किंडरगार्टनला किंवा सातवीला पोचेपर्यंत त्या चालणार होत्या.

किंडरगार्टनमध्ये सगळे डोस पूर्ण असलेली मुलं २०१४-१५मध्ये राज्यभरात ९०.४ टक्के होती, ती २०१६-१७मध्ये ९५.६ टक्के झाली. बातम्यांनी सगळं श्रेय नव्या कायद्याला दिलं. ऑफिसात बसून मला दुसरीही गोष्ट दिसत होती. 'काही डोस बाकी, नंतर आणतो' या अटीवर प्रवेश घेतलेली मुलं श्रद्धावाल्यांपेक्षा जास्त असत, आणि पूर्वी कुणी त्यांच्या मागे लागत नसे. आता राज्याने अट म्हणजे काय हे नीट समजावलं, आम्हाला पाठपुरावा करायला लावला. मी दर शुक्रवारी फोन करत असे. त्या फोनांचं श्रेय कुणी कुणाला दिलं नाही, पण माझ्या मते ते बरंच आहे.

आणि मग पत्रं यायला लागली. एसबी २७७ने वैद्यकीय सूट ठेवली होती, ती ठेवायलाच हवी. पण कुटुंबाचा वैद्यकीय इतिहासही डॉक्टरने विचारात घ्यावा, असं त्यात लिहिलं होतं. त्या वाक्यातून काय काय आत आलं! मावशीला थायरॉइड, म्हणून भाचीला एकही लस नको. बापाला लहानपणी एक्झिमा, म्हणून मुलाला आयुष्यभर सूट. डॉक्टर चारशे मैलांवरचा, लेटरहेड झोकदार, मजकूर तोच, फक्त नाव बदललेलं. परवानाधारक डॉक्टरची सही आहे ना, मग पत्र फाइलला लावायचं. त्यात काय लिहिलंय यावर शाळेने मत द्यायचं नाही. ल्युकेमियाच्या मुलाच्या पत्राला आणि या पत्रांना मी एकच शिक्का मारत होते, याचा मला फार राग यायचा. किंडरगार्टनमधल्या वैद्यकीय सवलती तीन वर्षांत ०.२ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर गेल्या. मुलांच्या तब्येती एवढ्यात चार-साडेचार पटीने बिघडल्या नव्हत्या. ऑरेंज काउंटीतल्या एका नावाजलेल्या बालरोगतज्ज्ञाला एका दोन वर्षांच्या मुलाला पुरेशा आधाराशिवाय सूट दिल्याबद्दल मेडिकल बोर्डाने २०१८मध्ये ३५ महिन्यांच्या प्रोबेशनवर ठेवलं. पण असे किती जण पकडणार?

सप्टेंबर २०१९मध्ये एसबी २७६ आलं. २०२१पासून डॉक्टरने सूट राज्याच्या संगणकप्रणालीतच नोंदवायची. एखाद्याने वर्षात पाच किंवा जास्त दिल्या, किंवा शाळेचं लसीकरण ९५ टक्क्यांखाली गेलं, तर राज्याचे वैद्यकीय लोक त्या तपासणार. चारशे मैलांवरची पत्रं बंद झाली. माझ्या काउंटरवर आता कारण येतच नाही, ते वाचण्याची पात्रता असलेल्या माणसाकडे जातं.

माझी भाची टेक्ससमध्ये असते. तिथे श्रद्धेची सूट अजून आहे. २०२५मध्ये तिथे गोवराच्या साथीत ७६२ रुग्ण झाले, दोन मुलं गेली. ती साथ ऑगस्टमध्ये संपल्याचं जाहीर झालं आणि सप्टेंबरपासून सूट घेण्याचा फॉर्म इंटरनेटवरून उतरवून घेता येऊ लागला. आधी तो टपालाने मागवावा लागायचा. भाचीला वाटलं, एवढ्याशा सोयीने काय फरक पडतो. मी तिला फोनवर एका घराची हकीगत सांगितली.

डोंगरावरचं घर, २०१६चा ऑगस्ट. मोठा मुलगा तिसरीत, त्याची जुनी सही सातवीपर्यंत चालणार होती. धाकटी त्या वर्षी किंडरगार्टनला, तिची बालवाडीतली सही संपलेली. आईला लसींबद्दल जे वाटत होतं ते तसूभरही बदललेलं नव्हतं, तिने मला ते बराच वेळ ऐकवलं. मी तिला दोन वाटा सांगितल्या: घरी शिकवायचं, किंवा प्रत्येक लसीचा पहिला डोस देऊन प्रवेश घ्यायचा आणि बाकीचे वेळापत्रकाप्रमाणे पुरे करायचे. ती चिडून गेली. आठवड्याने आली ती डोस दिल्याचा कागद घेऊनच, आणि वर्षभर तारखेला तारीख जुळवून उरलेले कागद आणत राहिली. शेवटचा कागद देताना मी न राहवून विचारलं, मन कसं बदललं?

"मन कुठे बदललंय?" ती म्हणाली. "घरी शिकवायचं तर मला नोकरी सोडावी लागली असती."