दासगावच्या धक्क्यापासून पोलादपूरच्या ओट्यापर्यंत

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही घरची चार माणसे मामूंना भेटायला निघालो. मामू पोलादपूरला राहतात. पंचवीस वर्षे कुवेतमध्ये काढून आता ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचणे हा त्यांचा उद्योग. दिव्याहून सुटणारी सावंतवाडीची गाडी पकडून वीर स्टेशनात उतरलो आणि रिक्षावाल्याला म्हटले, थेट महाडला नको, आधी दासगावला घे.

दासगावला पाहण्यासारखे काय आहे, असे मुलांनी विचारले. सावित्रीची खाडी आहे, शांत पाणी आहे, काठावर आपल्या लोकांची जुनी घरे आहेत. एकेकाळी मुंबईच्या बोटी इथपर्यंत येत. २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सोबत्यांसह बोटीने इथेच उतरले आणि पाच मैल चालत महाडला गेले. मार्च महिन्यात चवदार तळ्याचे पाणी प्याले म्हणून त्यांच्या लोकांनी मार खाल्ला होता. डिसेंबरच्या परिषदेसाठी महाडात कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा मंडपासाठी दिली. आपल्या घरांतून ही गोष्ट मुलांना फारशी सांगितली जात नाही. आम्ही ती धक्क्यावर उभे राहून सांगितली.

महाडात चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो. शहरात अजूनही लोक २०२१ च्या पुराचे पाणी कुठवर आले होते ते हात वर करून दाखवतात. तळ्याकाठी आम्हाला आठवले ते दुसरेच. महाडला परिषद चालू होती त्याच आठवड्यात तिकडे मद्रासला काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. अध्यक्ष होते डॉ. मुख्तार अहमद अन्सारी. त्या अधिवेशनाने सरकारला बजावले की चीन, मेसोपोटेमिया आणि इराणात पाठवलेले हिंदी सैन्य परत बोलवा. आपली माणसे दुसऱ्या मुलखातील लोकांना दडपायला वापरू नका. देश गुलाम होता, हातात काही नव्हते, तरी परदेशात आमच्या नावाने काय चालले आहे हे विचारण्याचा हक्क त्या लोकांनी सोडला नव्हता.

दुपारी जीप करून फौजी आंबवडे गाठले. महाड तालुक्यातले हे गाव पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात माणसे पाठवत आले आहे. गावाच्या नावालाच फौजी हा शब्द चिकटला तो त्यामुळे. पहिल्या महायुद्धात या एका गावातून १११ जण गेले आणि त्यांपैकी ६ परत आले नाहीत, याची नोंद गावाने जपली आहे. धाकटीने विचारले, "ते कुणाशी लढायला गेले होते?"

सोपा प्रश्न, पण उत्तर सोपे नाही. कोकणची माणसे ज्या मराठा पलटणींत भरती होत, त्या पलटणी मेसोपोटेमियात होत्या. कुतच्या वेढ्यात १९१५-१६ साली त्यांनी उपासमार सोसली. १०५ वी मराठा पलटण १९१८ साली पॅलेस्टाईनच्या मोहिमेत होती. पॅलेस्टाईनात यहुद्यांचे राष्ट्रीय घर उभारू असे ब्रिटनने १९१७ साली जाहीर केले होते. तिथे राहणाऱ्या अरबांना कोणी विचारले नव्हते, आणि तो मुलूख जिंकायला निघालेल्या शिपायांनाही विचारले नव्हते. पुढे १९२० साली इराकातील लोक इंग्रजांविरुद्ध उठले, तेव्हा ते बंड मोडायला मुख्यतः हिंदी सैन्यच वापरले गेले. शिपाई पोटासाठी गेला, त्याला आम्ही दोष देत नाही. या गावातील घरांच्या भिंतींवर लावलेल्या गणवेशातल्या फोटोंसमोर कोणाचीही मान लवेल. पण आपल्या आठवणीत आपले गेलेले आणि आपले मेलेले राहतात. समोरच्या गावातले किती मेले, हा आकडा कुठे लिहिलेला नसतो.

परत महामार्गाला लागून पोलादपूरकडे निघालो. वाटेत सावित्रीवरचा नवा पूल लागला. जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री एसटीच्या दोन बसगाड्यांसह वाहून गेला. तेव्हा सगळा जिल्हा सरकारला जाब विचारत होता आणि ते बरोबरच होते. परदेश धोरणाचा जाब विचारला की मात्र लोक म्हणतात, ते मोठ्यांचे काम, आपल्याला काय कळते!

मगरिबच्या नमाजनंतर ओट्यावर बैठक जमली. मुमानींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि कोंबडीचे सालन केले होते. खरा विषय जेवताना निघाला. मामूंच्या नातवाने लोणेरेच्या विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअरिंग केले आहे. पुण्याच्या एका कंपनीने त्याला मुलाखतीला बोलावले आहे. कंपनी विमानांच्या आणि ड्रोनच्या इंजिनांचे सुटे भाग करते. माल परदेशी जातो, पण कोणत्या देशात, हे कंपनी सांगत नाही. पगार मात्र महाडच्या एमआयडीसीत मिळतो त्याच्या दुप्पट.

"चाचा, तुम्ही सांगा," तो म्हणाला. "मी स्क्रू बनवणार. बॉम्ब काही मी टाकणार नाही."

आम्हाला पटकन बोलता आले नाही. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात इस्रायलात सुमारे १,२०० माणसे मारली गेली, बहुतेक साधी माणसे. तो जुलूमच होता. त्यानंतर गाझात जे झाले त्यात तिथल्या आरोग्य खात्याच्या आकड्यांप्रमाणे ७० हजारांवर जीव गेले. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २६ जानेवारी २०२४ रोजी इस्रायलला वंशसंहार टाळण्याचे आदेश दिले. अंतिम निकाल अजून लागायचा आहे. भारताने वंशसंहारविरोधी करार १९५९ सालीच मान्य केला आहे आणि त्या करारात नुसते स्वतः न करणे नाही, तर रोखणे हेही कर्तव्य सांगितले आहे. इतके असून एप्रिल २०२४ मध्ये जिनिव्हात, इस्रायलला शस्त्रे देऊ नका असा ठराव आला तेव्हा भारत तटस्थ राहिला. १२ जून २०२५ रोजी महासभेत युद्धबंदीच्या ठरावाला १४९ देशांनी पाठिंबा दिला, तेव्हाही भारत तटस्थ असलेल्या १९ देशांत होता. सरकारचे म्हणणे, वाटाघाटींतूनच मार्ग निघेल. २०२३ आणि २०२४ च्या डिसेंबरात भारताने युद्धबंदीच्या बाजूने मत दिले होते आणि गाझाला औषधेही पाठवली, हेही सांगितले पाहिजे. पण हैदराबादेत इस्रायली भागीदारीत बनलेले ड्रोन तिकडे गेल्याच्या बातम्या याच काळात आल्या. शस्त्रांची निर्यात थांबवा म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाला, तो ९ सप्टेंबर २०२४ रोजी फेटाळला गेला. परदेश धोरण हा न्यायालयाचा प्रांत नाही, असे उत्तर मिळाले.

१९४६ साली याच भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि तिथल्या वर्णभेदाची तक्रार यूएनमध्ये नेली. केपटाऊनला तेव्हा आपल्या कोकणी मुस्लिमांची किती घरे होती! दक्षिण आफ्रिका म्हणत होती की हा आमचा घरचा मामला आहे. भारताने ते मानले नाही. त्याच वर्षी बाबासाहेबांनी अमेरिकेतील डु बॉइस यांना पत्र लिहून, तिथल्या काळ्या लोकांनी यूएनकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या.

हे सगळे आम्ही जरा जोशात सांगितले. मामू शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तुम्ही लोक शिकलेले. माझे ऐका. १९९० च्या ऑगस्टमध्ये सद्दाम कुवेतमध्ये घुसला, तेव्हा मी तिथेच. आमच्या इमारतीत खाली एक कुवेती कुटुंब होते. एका रात्री त्यांच्या पोराला सैनिक घेऊन गेले. तो परत आला नाही. काही दिवसांनी आपले परराष्ट्रमंत्री गुजराल बगदादला गेले आणि सद्दामला गळामिठी मारली. तो फोटो सगळीकडे झळकला. त्या मिठीमुळे आमची सुटका झाली असे लोक म्हणतात. बसने बगदाद, मग अम्मान, तिथून विमान. पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे सरकारने आणली. मी त्यांतलाच. आता मी सरकारला काय म्हणू? निघताना त्या पोराच्या आईला सलाम केला, तिने तोंड फिरवले. पस्तीस वर्षे झाली, ते तोंड फिरवणे अजून डोळ्यांसमोर आहे."

कोणी काही बोलले नाही. मुमानींनी भाकरीचे ताट पुढे सरकवले.

"मग जाऊ नको म्हणता, दादा?" नातवाने विचारले.

"मी कुठे म्हटले जाऊ नको? घरावर कर्ज आहे, तुझ्या बहिणीचे शिक्षण आहे. पण माल कुठे जातो हे विचारल्याशिवाय सही करू नको. मी विचारले नव्हते. मला विचारायची जागाही नव्हती, जीव वाचवायचा होता. तुला जागा आहे."

"विचारले तर नोकरी देणार नाहीत."

"बघ तर खरे."

मुमानींना हे पटले नाही. त्या म्हणाल्या, सगळे जग शस्त्रे विकते, एका पोराने विचारल्याने काय थांबणार आहे. त्यांचेही चुकीचे होते असे म्हणवत नाही. घर त्या चालवतात. उशिरापर्यंत वाद चालला.

सकाळी फज्रनंतर आम्ही निघण्याच्या तयारीत होतो. आंबेनळी घाटावर धुके होते. नातू ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता. कंपनीला पाठवायच्या ईमेलचा मजकूर त्याने आम्हाला दाखवला. मुलाखतीची तारीख मान्य आहे असे लिहिले होते आणि खाली एक ओळ होती: आपले उत्पादन कोणकोणत्या देशांना जाते, हे मुलाखतीत सांगता येईल का? ती ओळ त्याने दोनदा खोडून पुन्हा लिहिली होती, असे तोच म्हणाला. इंग्रजी बरोबर आहे का ते पाहा, म्हणाला. आम्ही एक शब्द बदलून दिला. एवढ्यात महाडची एसटी फाट्यावर आल्याचा आवाज आला आणि मामूंनी सामान उचलायला घेतले.