पद्मिनीचं नवं इंजिन

आमच्या अंगणात 1986 ची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. नोंदणी अब्बांच्या नावावर आहे. तिचं 1089 सीसीचं इंजिन आता तेल पितं, आणि घाटात दुसऱ्या गिअरवर येऊन धापा टाकतं. धाकट्या भावाचं म्हणणं, इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही बदलू. अब्बांचं म्हणणं, आधी नीट विचार करा.

भावाने निवडलं ते निसानचं ए-12, 1171 सीसीचं. प्रीमियरनेच 1985 पासून हे इंजिन 118 एनईत बसवलं होतं. ती गाडीही मागच्या चाकांवर चालणारी, म्हणून पद्मिनीत हा बदल करणारे बरेच आहेत. पण एका कारखान्याच्या दोन गाड्या, म्हणून सगळं आपसूक जुळत नाही.

पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडीच चासी. म्हणजे माउंटिंग चुकीच्या जागी वेल्ड केलं तर गाडीचा सांगाडाच बिघडतो. आम्ही चेन-पुलीने इंजिन नुसतं टांगून मापं घेतली. खाली तेलाचा सम्प कुठे अडतो, पुढे रेडिएटरला आणि पंख्याला किती जागा उरते, स्टीअरिंगचे रॉड मोकळे फिरतात का, हे सगळं पाहिलं. पद्मिनीचा गिअर स्टीअरिंगपाशी, निसानचा खाली. त्यासाठी फ्लोअरला भोक पाडावं लागतं. प्रोपेलर शाफ्ट नव्या लांबीचा करून बॅलन्स करून घ्यायचा. गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट आणि डिफरन्शिअलचा पिनियन एकमेकांना समांतर हवेत, नाहीतर वेग वाढला की गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर जातात.

मग ब्रेक. चारही चाकांना ड्रम. अब्बा म्हणाले, "पळायचं नंतर बघा. थांबणार कशी ते आधी सांगा." म्हणून पहिला खर्च इंजिनावर झाला नाही. ड्रम, लायनिंग, व्हील सिलिंडर आणि होस यांवर झाला.

खरा पेच मात्र कागदाचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे, आरसी बुकातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी जुळेनासे होतील असा फेरफार मालकाला करता येत नाही. इंजिन नंबर बुकात एक आणि बोनेटखाली दुसरा, अशी गाडी रस्त्यावर आणली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवील. शिवाय भंगारातून आणलेलं इंजिन कुठल्या गाडीचं, हा प्रश्न आहेच. आमच्या मोहल्ल्यातल्या माणसाला पक्क्या बिलाचं मोल समजावून सांगावं लागत नाही. नाकाबंदीत नाव विचारल्यानंतरचा पुढचा प्रश्न काय असतो, ते त्याला ठाऊक असतं. म्हणून जुन्या गाडीच्या आरसीची प्रत आणि पावती हातात आल्याशिवाय अब्बांनी ते इंजिन दारात उतरवू दिलं नाही.

आणखी एक गोष्ट आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे 50 वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. आमची पद्मिनी 2036 साली पन्नाशीची होईल. आज आम्ही कापाकापी केली तर माझ्या मुलीचा तो हक्क जातो. आपण जिला आपली म्हणतो, ती वस्तू पुष्कळदा पुढच्या पिढीची अमानत असते.

म्हणून घरात असं ठरलं: आरटीओची लेखी परवानगी आल्याशिवाय कटर लावायचा नाही. मिळाली, तर माउंटिंग बोल्टचीच, म्हणजे जुनं इंजिन कधीही परत बसवता येईल. नाही मिळाली, तर जुनाच ब्लॉक बोअर करून पिस्टन-रिंगा बदलायच्या आणि घाट दुसऱ्या गिअरवरच चढायचा.

अर्ज दिला आहे. भाऊ रोज विचारतो, उत्तर आलं का. अब्बा विचारत नाहीत. ते संध्याकाळी जुन्या इंजिनाच्या सिलिंडरांत थोडं तेल सोडतात, फडकं मारतात आणि मगरिबला निघतात.