माझ्या यादीत 'कोर्ट' पहिला का?

२०११ ते २०२० या दशकातल्या मराठी नाट्यपटांत माझ्या लेखी चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (२०१४) पहिला, नागराज मंजुळेंचा 'फँड्री' दुसरा, 'किल्ला' तिसरा. 'सैराट' चौथा, रागावणाऱ्यांनी खुशाल रागवावं. 'कोर्ट'मध्ये नाट्यच नाही, कॅमेरा नुसता खिळून बसतो, हा आक्षेप जुनाच. पण तारखांमागून तारखा पडताना आरोपी शाहीर नारायण कांबळेचं आयुष्य झिजतं, ते त्या संथपणातूनच जाणवतं. सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाक करतात, न्यायाधीश सुट्टीत सहलीला जातात. खलनायक कोणीच नाही, तरी अन्याय चालूच. 'फँड्री'त शेवटी नायक जब्याचा दगड थेट प्रेक्षकावर येतो, तो झोंबतो खरा, पण तिथे छळणारे चेहरे ओळखू येतात. 'कोर्ट' तेवढीही सोय ठेवत नाही. 'नटसम्राट' यादीत नाही, कारण त्याचं बळ मूळ नाटकाचं आहे.