चाळीसगावच्या फलाटावर वाचलेले पान

"घरात कोणी शिकलेलं नाही, मग पोरगं कशाला पुस्तक हातात धरेल?" हे वाक्य आपल्या वस्त्यांमध्ये नेहमी ऐकू येते. आमच्याही घरात ते बोलले जाई. आम्ही दोघे नवरा-बायको जळगावचे. एकाची पाळी एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यात, दुसरीचा दिवस दालमिलमध्ये. शिक्षण जेमतेम सातवी-आठवी. आमची म्हातारी आई तर अंगठा उठवणारी. दोन मुलांपैकी थोरला सहावीत, धाकटी दुसरीत.

थोरला अडखळत वाचतो. वर्गात मोठ्याने वाचायला उभे केले की मुले हसत. मग त्याने मराठीचे पुस्तक गव्हाच्या कोठीमागे लपवायला सुरुवात केली. विचारले तर म्हणे, हरवले. आम्ही रागावलो, एकदा हातही उगारला. पुस्तक सापडले, पण वाचन काही सापडले नाही. हातात मोबाईल आला की मात्र तो तासभर हलत नसे. पोरगा आठवीनंतर शाळा सोडून आपल्यासारखाच पाळीवर उभा राहणार, अशी भीती आम्हाला रात्री झोपू देत नसे.

गेल्या ३१ जुलैला आम्ही सगळे धुळ्याजवळच्या लळिंगला जायचे ठरवले. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले होते. लळिंगच्या कुरणातल्या लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम झाला. त्याची आठवण म्हणून दरवर्षी त्या दिवशी तिथे आपले लोक जमतात. निघण्याच्या आदल्या दिवशी विहारातली ग्रंथपेटी सांभाळणाऱ्या निवृत्त गुरुजींनी एक पातळशी पुस्तिका आमच्या हातात ठेवली. म्हणाले, "ही घरी वाचू नका. गाडीत आणि चाळीसगावच्या फलाटावर वाचा." ती होती बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लहानशा आत्मकथनाचा मराठी अनुवाद. मूळ लेखन इंग्रजीतले. बाबासाहेबांच्या पश्चात, १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते छापले.

जळगावहून सकाळची गाडी धरली. आईच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला आहे. दर थांब्याला ती विचारी, "कोनतं ठेसन आलं रे भाऊ?" थोरला खिडकीतून बघून सांगे, शिरसोली, म्हसावद, माहेजी, पाचोरा. धाकटीही त्याच्या काखेतून डोके काढून अक्षरे लावू लागली. 'नगरदेवळा' तिने तोडून तोडून वाचले तेव्हा डब्यातल्या बाया कौतुकाने हसल्या. आमच्या लक्षात आले, की पोरगा इथे एकदाही अडखळला नव्हता. वर्गात त्याची परीक्षा असते. इथे आजीला खरोखरच कळायला हवे होते आणि ते त्याच्यावाचून तिला कोणी सांगणार नव्हते.

पाचोरा गेल्यावर आम्ही पुस्तिकेतले पहिले प्रकरण मोठ्याने वाचले. १९०१ ची गोष्ट. बाबासाहेब तेव्हा नऊ वर्षांचे. सातारा जिल्ह्यात नोकरीवर असलेल्या वडिलांना भेटायला ते भावंडांबरोबर निघतात. अंगावर नवे कपडे. मसूर स्टेशनावर उतरतात, पण घ्यायला कोणी येत नाही. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो. बैलगाडीवाले दुप्पट भाड्यालाही तयार होत नाहीत. शेवटी ठरते, की गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. जवळ डबा आहे, पण प्यायला पाणी नाही, म्हणून मुले रात्रभर उपाशी राहतात. हे ऐकताना धाकटीने आपली पाण्याची बाटली दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

चाळीसगावला उतरलो. धुळ्याच्या गाडीला वेळ होता. चाळीसगाव-धुळे हा फाटा १९०० साली सुरू झाला. बाबासाहेब याच फाट्याने गेले होते आणि याच स्टेशनात परत उतरले होते. फलाटावर सावली बघून आम्ही चादर अंथरली, भाकरी-ठेचा सोडला आणि जेवण झाल्यावर पुस्तिका थोरल्याच्या हातात दिली. तो नाही म्हणाला. तेव्हा आई म्हणाली, "मले कुठं दिसतं भाऊ? तू नाही वाचलं तं मले कसं कळीन?" मग तो वाचू लागला.

हकीकत १९२९ च्या ऑक्टोबरमधली. अस्पृश्यांच्या तक्रारी तपासण्यासाठी मुंबई सरकारने समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सभासद होते आणि खानदेश त्यांच्याकडे होता. धुळ्याच्या फाट्यावरच्या एका गावात सवर्णांनी आपल्या लोकांवर बहिष्कार घातला होता. त्याची चौकशी करून बाबासाहेब चाळीसगावला परत आले. रात्री मुक्काम करा, असा इथल्या लोकांचा आग्रह होता, म्हणून ते थांबले. हार घातले गेले. महारवाडा स्टेशनपासून दोनेक मैलांवर, वाटेत नदी. स्टेशनाबाहेर टांगे भरपूर होते, तरी कोणी हलेना. तासभर वाट पाहिल्यावर एक टांगा आला. त्यात बाबासाहेब आणि हाकणारा, दोघेच. बाकीचे लोक आडवाटेने पायी गेले. टांगा थोडा पुढे गेला तोच एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरची फरशी. तिला कठडा नव्हता, कडेला अंतराअंतरावर नुसते दगड होते. वळणावर घोडा उधळला, चाक दगडात अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोड्यासकट टांगा नदीत गेला. त्यांचा पाय मोडला.

मागाहून खरा प्रकार कळला. महाराला टांग्यात बसवून न्यायला एकही टांगेवाला तयार नव्हता. साहेबांना पायी चालवणे लोकांना पटेना. म्हणून त्यांनी नुसता टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातलाच एकजण हाकायला बसला. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता.

शेवटाकडे थोरला 'प्रतिष्ठा' या शब्दावर अडकला. दोनदा प्रयत्न केला, पुस्तक मिटायला लागला. आमच्या तोंडावर रागाचे शब्द आले होते, पण आम्ही गप्प राहिलो. आई म्हणाली, "मंग? पुढं काय झालं?" त्याने तोच शब्द पुन्हा धरला, फोडून फोडून वाचला आणि विचारले, "म्हणजे काय?" आम्ही म्हणालो, "मान. आपला पाहुणा पायी चालू नये, असं लोकांना वाटलं ना, तो मान." मग तो पुढचे वाचत गेला. साधा टांगेवालासुद्धा स्वतःला बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षा वरचा समजतो, अशा अर्थाचे बाबासाहेबांचे म्हणणे वाचून तो थांबला. म्हणाला, "लहानपणी गाडीवाल्यानं नेलं नाही आणि एवढं शिकल्यावर पण टांगेवाल्यानं नेलं नाही. दोन्ही वेळी गाडीच."

हे त्याला कोणी सांगितले नव्हते. दोन प्रकरणे त्याने स्वतः शेजारी ठेवून पाहिली होती. वाचन म्हणजे हेच, असे आम्हाला त्या फलाटावर पहिल्यांदा कळले.

मग आईने तिची आठवण सांगितली. लहानपणी ती आजारी असताना तिच्या बापाने गावात बैलगाडी मागितली. मिळाली नाही. तापात फणफणलेल्या पोरीला खांद्यावर घेऊन तो दवाखान्यापर्यंत चालत गेला. इतक्या वर्षांत ही गोष्ट आम्ही एकदाही ऐकली नव्हती. कोणी विचारलीच नव्हती.

धुळ्याला उतरून लळिंगला जाण्यासाठी रिक्षा केली. आई म्हणाली, "यानं भाडं सांगितलं, नाव नाही विचारलं." आम्ही काही बोललो नाही. भाड्याची खोली शोधताना आडनाव अजून विचारले जाते, हे तिलाही ठाऊक आहे.

पावसाने कुरण हिरवेगार झाले होते. लांडोर म्हणजे मोराची मादी, हे मुलांना तिथेच कळले. वाटेच्या कडेला चादरींवर पुस्तके मांडली होती. प्रत्येकाने स्वतःला आवडेल ते एक घ्यावे, असे ठरले. थोरल्याने बाबासाहेबांचे चित्रमय चरित्र उचलले. धाकटीने ससा-कासवाचे. "हे काय घेतलंस?" असे म्हणण्याचा मोह आम्ही आवरला. दोन पुस्तकांत आमच्या खिशाला थोडी झळ बसलीच. पण रामजी सुभेदार आठवले. परळच्या चाळीतल्या एका खोलीत संसार, आणि मुलाला पुस्तक हवे म्हणाल्यावर ते लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन पैसे मागत. नसले तर त्यांचा एखादा दागिना गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की सोडवून देत. त्यांच्यापुढे आमची झळ कसली?

आता रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटे मोबाईल फळीवर जातो. एकजण मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात. पाळीमुळे आमच्यापैकी कोणी घरी नसले तरी आजी असतेच. ती ऐकते, अडवते, "मंग?" म्हणते. पुस्तक संपले की ग्रंथपेटीतून दुसरे येते. जळगावचे वल्लभदास वालजी जिल्हा वाचनालय १८७७ पासून उभे आहे. एवढी वर्षे आम्ही त्या वास्तूवरून नुसते ये-जा करत होतो. पहिल्यांदा आत शिरलो ते मुलांना घेऊन.

थोरला अजूनही अडखळतो, पण पुस्तक लपवत नाही. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या घरातल्यांनी टिपून ठेवल्या, आणि १९५१ साली त्या गेल्यानंतर मुलगा सोपानदेव यांच्यामुळे १९५२ मध्ये त्यांचे पुस्तक झाले. हे शाळेतून ऐकून आल्यावर थोरल्याने एक जुनी वही काढली. पहिल्या पानावर लिहिले, 'आजीची गोष्ट'. खाली बैलगाडी न मिळाल्याची हकीकत, बारा ओळी, चुकांसकट.

त्याने ती आजीला वाचून दाखवली. आईने वहीवरून हात फिरवला आणि विचारले, "यात माझं नाव कुठं हाये?" त्याने बोट ठेवून दाखवले.

तेव्हा वाचक हो, घरात शिकलेले कोणी नाही म्हणून हात टेकू नका. घरात ऐकणारे माणूस असले, की वाचणारे मूल तयार होते.