खालचा टाका

मी माझ्या लेकीला मशीनला हात लावू दिला नाही. ती तेव्हा आठ वर्षांची होती. अक्ती चार दिवसांवर आली होती आणि तिला पुतरीसाठी पोलकं हवं होतं. लाल रुबियाचा तळहाताएवढा तुकडा घेऊन ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी मान वर न करता म्हटलं, "मशीन म्हणजे खेळणं नाही. त्याच्यावर घर चाललंय." तिने तो तुकडा डिंकाने चिकटवला. लग्नाच्या दिवशी दुपारच्या उन्हात डिंक सुटला आणि पुतरीची पाठ उघडी पडली. तीस वर्षं झाली या गोष्टीला. त्यातली बरीच वर्षं मला वाटत होतं की माझंच बरोबर होतं.

रायपूरबाहेर राहणाऱ्यांना अक्ती सांगायला हवी. आपल्या अक्षय्य तृतीयेला छत्तीसगढात अक्ती म्हणतात, आणि त्या दिवशी मुलं मातीच्या बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात. पुतरा-पुतरीचं बिहाव. आधीचे काही दिवस गोलबाजारात या जोड्या मांडलेल्या असतात, रंगवलेल्या, चमकीचा कागद लावलेल्या. डोक्याला मौर, म्हणजे मुंडावळ्या आणि मुकुट यांच्या मधलं काहीतरी. छिंदाच्या पानांचा, आपण ज्याला शिंदी म्हणतो त्या झाडाच्या. लग्न मात्र लुटुपुटीचं नसतं. चुलमाटी आणायची, तेल-हळद लावायची, अंगणात मडवा घालायचा, वरात काढायची, जेवणं घालायची, आणि मोठी माणसंसुद्धा येऊन टिकावन म्हणून पैसे ठेवतात. त्याच दिवशी आमच्या तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांत चैत्रगौरीचं शेवटचं हळदीकुंकू असतं. पोरी आमच्याकडे आंब्याची डाळ आणि पन्हं संपवून तशाच हरभऱ्याच्या ओटीसकट पुतरीच्या मांडवात पळतात.

माझा या लग्नाला विरोध नव्हता असं म्हटलं तर ते पूर्ण खरं होणार नाही. पोरींच्या डोक्यात लहानपणापासून नवरा आणि मांडव भरायचा हे मला तेव्हाही पटत नव्हतं. याच मुहूर्तावर खऱ्या मुलींची लग्नं उरकली जात. आजही अक्ती जवळ आली की प्रशासनाला बालविवाहांवर नजर ठेवावी लागते. ते मत मी बदललेलं नाही. पण लेकीला नाही म्हणताना माझ्या मनात हे काही नव्हतं. तेव्हा मनात फक्त मशीन होतं.

ते आईचं मशीन. उषाचं, काळं, सोनेरी वेलबुट्टी आता हाताच्या जागी पुसून गेलेली. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगने बनवलेलं. वडील लवकर गेले आणि आईने आम्हा तिघांना त्या चाकावर मोठं केलं. लाकडी झाकणाला कुलूप होतं आणि किल्ली आईच्या पदराला. आजोबा खादी वापरणारे. गांधीजी १९३३ साली रायपूरला आले तेव्हा गर्दीत उभं राहून त्यांना ऐकल्याचं ते सांगत. घरात यंत्र आलेलं त्यांना चाललं, कारण खुद्द गांधीजींनी १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद ठरवलं होतं. सिंगरने बायकोचे कष्ट बघून, तिच्यावरच्या मायेने केलेलं यंत्र आहे, असं त्यांचं म्हणणं. आमच्या घरात हे वाक्य मंत्रासारखं म्हटलं जाई. मशीन कष्ट वाचवण्यासाठी आहे, मग त्याच्यावर खेळ कसा करायचा? आईनंतर मशीन माझ्याकडे आलं तेव्हा किल्लीबरोबर हा प्रश्नही आला, आणि मी तो उत्तरासारखा वापरत राहिले.

एक गोष्ट मला तेव्हा दिसायला हवी होती. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या उभ्या राहतात, नागपूरकडच्या पद्धतीने, दोन बाळांसकट. त्या बाळांची झबली-टोपडी दर वर्षी मीच शिवते. लंगड्या बाळकृष्णाचा बोटभर अंगरखाही मीच शिवला, जरीची कड लावून. याच मशीनवर. कुलूप काढून, आनंदाने. देवाच्या बाळाला झबलं शिवलं तर ती सेवा आणि लेकीच्या बाहुलीला पोलकं शिवलं तर तो चाळा, हा भेद मी कुठून आणला होता ते मला सांगता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या घरातली सात वर्षांची मुलगी आली. "दादी, पुतरी बर पोलखा सिल दे न." पोलखा. आपलं पोलकंच ते, छत्तीसगढीत राहायला गेलेलं. तो शब्द तिच्या तोंडून ऐकला आणि मी नाही म्हणू शकले नाही. तिच्या लग्नातला नवरा मातीचा होता आणि नवरी प्लास्टिकची, वीतभराहून थोडी मोठी, हातपाय हलणारी.

चाळीस वर्षं ब्लाउज शिवणारी बाई मी. अर्ध्या तासाचं काम असं वाटलं. पूर्ण दुपार गेली. पहिल्याच टाक्याला कापडाचं टोक सुईखालच्या भोकातून खाली ओढलं गेलं आणि दात्यांत अडकलं. सोडवलं, पुन्हा घातलं, पुन्हा अडकलं. बाही आधी गोल शिवून मग मुंढ्याला लावायला गेले. बोट आत जाईना, मग दाबाचा पाय कुठून जाणार? आतली शिवण नेहमीसारखी अर्धा इंच सोडली तर बाहुलीच्या काखेत गोळा झाला. कापड आकाराने लहान कापता येतं, त्याची जाडी लहान होत नाही. १९५९ साली बार्बी बाजारात आली तेव्हा तिचे कपडे करणाऱ्या शार्लट जॉन्सन यांनाही हेच कोडं सोडवावं लागलं होतं. पातळ कापड आणि बारीक नक्षी शोधावी लागते. आपल्या नऊवारीचा हिशेब केला तर नऊ वारांची त्या बाहुलीच्या मापाने दीड मीटर होते. पण दीड मीटर नेसवलं की कमरेवर लोडच दिसतो. मीटरभर पुरतं, आणि तेही मलमलच हवं.

हळूहळू जमलं. बाही मुंढ्याला सपाटच जोडायची आणि मग काखेपासून कमरेपर्यंत एकाच ओळीत शिवण घालायची. सुरुवातीला कापडाखाली पतंगाच्या कागदाची पट्टी धरायची, म्हणजे दाते कागद ओढतात, कापड नाही. नंतर कागद फाडून काढायचा. टाका बारीक ठेवायचा. वळणावर पायडलवरून पाय उचलून चाक हाताने फिरवायचं, एकेक टाका मोजत. पाठ पूर्ण उघडी ठेवून टिचबटण लावायचं. उलटलेली बाही सरळ करायला पेन्सिलीचं बोथट टोक.

पण मला लिहायचं आहे ते याच्या पुढचं. पोलकं झालं आणि ते मी दोन बोटांवर चढवून चष्म्यासमोर धरलं. वरचा टाका सुंदर होता. उलटं केलं. खाली दोऱ्याचे सैल फास लोंबत होते. जरा ओढलं आणि शिवण चेन उघडावी तशी सरकत गेली.

पाच सेंटिमीटर घेराच्या बाहीत लपायला जागा नसते. माणसाच्या कपड्यात असते. कुर्त्याच्या हातभर शिवणीत चार टाके सैल गेले तर इतर टाके त्यांना सांभाळून घेतात, वर इस्त्री फिरते, आणि कोणी उलटं करून बघत नाही. मीही बघत नव्हते. ओळखीच्या एका वहिनींचं ब्लाउज एकदा त्यांच्या पुतण्याच्या लग्नात काखेत उसवलं होतं. त्या ते परत घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना म्हटलं, "तुमचं अंग भरलंय." दुसऱ्या दोन बायका समोर बसलेल्या होत्या. वहिनी काही बोलल्या नाहीत, पुन्हा कधी कपडा घेऊनही आल्या नाहीत. त्या दुपारी बाहुलीची बाही हातात घेऊन मला तो प्रसंग आठवला आणि अंगाला दरदरून घाम सुटला. दोष त्यांच्या अंगात नव्हता. माझ्या मशीनमध्ये होता, आणि किती वर्षं होता कुणास ठाऊक.

मी मशीन सांभाळते असा माझा अभिमान होता. सांभाळणं म्हणजे काय, तर कुलूप, वर भरतकामाचं आच्छादन, आणि खंडेनवमीला पूजा. हळदकुंकू, अक्षता, झेंडूचा हार, आणि तेलाच्या भोकांत दोन-दोन थेंब तेल. आई खोबरेल घालायची, म्हणून मीही खोबरेल.

संध्याकाळी सुईखालच्या पट्टीचे दोन स्क्रू काढले. दात्यांच्या मधे नमदा बसला होता. खरोखरचा नमदा, करड्या रंगाचा, बोटाने उचलला तर दात्यांचे ठसे घेऊन अखंड निघाला. त्यात चाळीस वर्षांच्या रंगांचे कण. आमच्या शहरात कारखान्यांचा काळा बुरा गच्चीवर, खिडकीच्या गजांवर रोज बसतो. तोही त्यात होता. बॉबीनच्या डबीतल्या पत्तीखाली दोऱ्याचा एक तुकडा अडकलेला. आणि तेलाची भोकं? तिथे वाळलेल्या खोबरेलाचा चिकट पिवळा राप होता, त्यात बुरा, आणि त्यात कुंकू. काडीने खरवडलं तर लालसर गोळी निघाली. आईच्या आणि माझ्या इतक्या खंडेनवम्या त्या भोकात वाळून बसल्या होत्या.

खाण्याची तेलं हवेत घट्ट होत जातात आणि सांध्यांत डिंकासारखी धरतात. मशीनचं तेल पातळ असतं, ते तसं धरत नाही. मी आधी प्रत्येक भोकात रॉकेलचे थेंब सोडले, दोरा काढून, पाय वर उचलून मशीन रिकामं चालवलं, काळं पाणी पुसलं, पुन्हा सोडलं. रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी मशीनचं तेल, प्रत्येक सांध्याला एक थेंब, आणि मग चिंधीवर लांबच लांब शिवण घातली, सगळं जादा तेल चिंधीत उतरेपर्यंत. आवाज बदलला. आईच्या वेळचा आवाज मला आठवत होता असं मला वाटत नव्हतं, पण तो ऐकला आणि ओळखला.

तरी खालचे फास पूर्ण गेले नाहीत. मी बॉबीनचा स्क्रू आवळत बसले, कारण बिघाड खाली दिसतो तर दोष खालचाच असणार असं मी कायम धरून चालले होते. तसं नसतं. वरचा दोरा सैल असला की तो खाली जाऊन लोंबतो. माझा दोरा टेन्शनच्या दोन चकत्यांच्या मधे बसतच नव्हता, कारण मी दाबाचा पाय खाली टाकून दोरा ओवत आले होते. पाय खाली असला की चकत्या मिटलेल्या असतात. पाय वर करून दोरा ओवायचा, एवढंच. आणि सुई. सोळा नंबरची, तुटेपर्यंत तीच. रुबियाला अकरा नंबर लागतो. जुनी सुई नखावरून ओढली तर नखावर ओरखडा उठला. तोच ओरखडा ती इतकी वर्षं लोकांच्या कपड्यांवर काढत होती.

बाहुलीचं पोलकं मी उसवून पुन्हा शिवलं. खालची आणि वरची बाजू मला ओळखता येईना, इतकी सारखी झाली. अक्तीला नवरी ते घालून मडव्याखाली उभी राहिली. मी टिकावन म्हणून एकवीस रुपये ठेवले आणि त्याच संध्याकाळी चैत्रगौरीची डाळ घेऊन वहिनींकडे गेले. त्यांना सांगितलं, "त्या दिवशी चूक माझ्या मशीनची होती, आणि त्याहून मोठी माझी." त्यांनी डाळ घेतली, बसवलं, पाणी दिलं. पुतण्याच्या लग्नाबद्दल बोलल्या नाहीत. कपडा अजून आणलेला नाही.

लेकीला फोन केला. ती हैदराबादला असते. सगळं सांगितलं, लाल रुबियाचा तुकडा, डिंक, माझं मान वर न करणं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आई, लाल नव्हता तो. जांभळा होता." मी वाद घातला नाही. मी तेव्हा वर बघितलंच नव्हतं, मला कुठून माहीत असणार?

शेजारची ती मुलगी आता दर रविवारी येते. तिचा पाय पायडलला पोहोचत नाही, म्हणून पट्टा काढून ठेवला आणि माळ्यावरून आईच्या वेळची हाताने फिरवायची मूठ शोधून पुन्हा चाकाला बसवली. मूठ ती फिरवते, कापड मी धरते, कधी उलट. सुई बदलायची असली की डबीतून तीच काढते, चपटी बाजू कुठे ते बोटाने चाचपून. आधी शिवायचं की आधी बुरा काढायचा यावर आमचं अजून भांडण होतं, कारण तिला शिवायची घाई असते. पण शिवण संपली की दोरा कापायच्या आधी ती कापड उलटं करते आणि डोळ्यांजवळ नेऊन खालचा टाका बघते.